देवासाठी जागा मागत नाहीत

मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांचं काम कळायला सोपं होतं. ते भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये होते. डोंगरावरून पाणी येई, त्याची वीज होई आणि महिन्याच्या महिन्याला पगार होई. माझ्याबद्दल कुणी विचारलं की आई क्वार्टर्समधल्या बायकांना सांगे, "ती डोंगरात जाते, मीटिंगा घेते आणि मग दिल्लीला जाऊन भांडते." संस्थेच्या अहवालात माझ्या हुद्द्याचं जे लांबलचक वर्णन छापून यायचं, त्यापेक्षा हे कितीतरी नेमकं होतं.

संपादकांनी मला 'कामातले यशाचे प्रसंग' लिहायला सांगितलं आहे. ते सगळे लिहिले तरी अंकाला फार कागद लागणार नाही. म्हणून एकच प्रसंग नीट सांगते. तो यशाचा होता का, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

आधी धंदा समजावून सांगायला हवा. हवापाणी बदललं आहे हे आता चौक गावच्या ढाब्यावरचा वेटरही सांगतो. पाऊस येतो तो वैऱ्यासारखा येतो, नाही तर भात करपेपर्यंत येतच नाही. हे ज्या धुरामुळं झालं, तो बराचसा श्रीमंत देशांच्या कारखान्यांनी आणि गाड्यांनी केला. भोगतात मात्र अशी माणसं, ज्यांच्या घरात आत्ता आत्तापर्यंत विजेचा दिवासुद्धा नव्हता. तेव्हा धूर ज्यांनी केला त्यांनी भरपाई द्यावी, आणि ती येईल तेव्हा येवो, तोवर आपल्या सरकारनं डोंगरातल्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये, एवढंच आमचं म्हणणं. ते खालापूर, अलिबाग, मुंबई, दिल्ली असं जिथं जिथं साहेब बसतो तिथं तिथं जाऊन मांडायचं. थोडक्यात, आमचा धंदा मागण्याचा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण आम्ही ऑफिसच्या भिंतीवर लावली नव्हती इतकंच.

मागणं हे कसबाचं काम आहे. जनसुनावणीत एका माणसाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. आपली डोंगरातली माणसं गोष्ट पहिल्यापासून सांगतात. एका बाईनं तीनही मिनिटं आपल्या माहेरचं आणि सासरचं नातं सांगण्यात घालवली, आणि घंटा वाजल्यावर "आता मी बोलते" म्हणून पदर खोचला. म्हणून आम्ही आधी तालीम घ्यायचो. पहिल्या वाक्यात नाव, दुसऱ्यात काय गेलं, तिसऱ्यात काय पाहिजे. माझ्या हाताखालून गेलेल्या बाया अजूनही लग्नात भेटल्या की त्याच क्रमानं बोलतात आणि मग हसतात.

गिऱ्हाइकंही वल्ली भेटायची. कर्जतच्या एका रिसॉर्टवाल्यानं आपल्या पाहुण्यांच्या गाड्यांच्या धुराचं पाप धुवायला आमच्याकडून डोंगरात झाडं लावून घ्यायचं ठरवलं. झाडं त्यानंच पाठवली, जागाही त्यानंच निवडली, कारण तिथून माथेरान छान दिसत होतं. तिथं टीचभर मातीखाली कातळ होता. शिमग्यापर्यंत सगळी रोपं वाळली. पुढच्या वर्षी त्यानं विचारलं, "नवीन झाडं नको, पण फोटो मिळतील का?" मी म्हटलं, जुनेच वापरा, त्यात रोपं जिवंत आहेत. त्यानं ते खरंच वापरले.

एकदा मी परदेशातल्या हवामानाच्या मोठ्या परिषदेलाही गेले. मसुद्यातल्या एका परिच्छेदावर वाद चालला होता. घर, गुरं, शेत गेलं तर त्याची किंमत काढता येते. पण गावच सोडावं लागलं, पूर्वजांची जागा गेली, देव मागं राहिला, तर ते नुकसानीत धरायचं की नाही? मला बोलायची पाळी आली ती जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. समोर बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. मीही 'देव' म्हणाले, पण खरं सांगते, तो शब्द म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं कुठलाच देव नव्हता. मग एका उंच टेबलाशी एकटीच उभी राहून मी गार सँडविच खाल्लं. आजूबाजूला हजारो माणसं होती आणि माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. आईला फोन करावा असं फार वाटलं, पण आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

आता वाडीकडं येते. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी नको म्हटलं आहे. माथेरानच्या डोंगराला चौकच्या बाजूला जो उतार आहे, त्यावर ती ठाकर आदिवासींची वाडी होती. बाप्ये वर माथेरानला हॉटेलांत कामाला आणि ओझी वाहायला जात, बाया खाली चौकच्या ढाब्यांवर भाकऱ्या भाजायला, आणि मधल्या उतारावर नाचणी-वरई पिके. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा माझे केस काळे होते. लोक मला विम्याची बाई समजून घरात लपले होते. नंतर नंतर मला पाहुणीला करतात तसा चहा करणंही त्यांनी सोडून दिलं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

एका पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावर उताराला भेग पडली. डोंगर खाली येतो म्हणजे काय, हे आमच्या भागात आता कुणाला समजावून द्यावं लागत नाही. तपासणी झाली, जागा धोक्याची ठरली, आणि आम्ही मागायला लागलो. वाडीच्या कितीतरी बैठका घेतल्या. घरं, पाणी, रस्ता, अंगणवाडी, दिवाबत्ती, स्मशान, गुरांसाठी जागा, सगळं लोकांच्या तोंडून काढून घेतलं. काही पावसाळे जीव मुठीत धरून काढल्यावर चौकजवळ, जुन्या हायवेपासून आत, सगळ्यांना घरं मिळाली. संस्थेत पेढे वाटले. तो माझ्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा होता. देणगीदारांचं लक्ष दुसऱ्या राज्याकडं वळल्यामुळं आमचं कर्जतचं ऑफिसही बंद व्हायचं होतं. तेव्हा शेवट गोड झाला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

मे महिन्यात वाडी खाली उतरली. लोकांनी जुन्या घरांचे वासे, पत्रे, दारंसुद्धा काढून नेली. वर नुसती जोती उरली, आणि एक झोपडं. त्या झोपड्यात वाळकूबाबा राहिला.

वाळकूबाबा वाडीतला सगळ्यात म्हातारा. गावदेवाचा मान त्याच्या घराकडं. म्हणजे रोज देवापुढं दिवा लावायचा, पेरणीआधी पहिला नारळ त्यानंच फोडायचा. देव म्हणजे एका उंबराखाली शेंदूर लावलेले दगड. त्याचा मुलगा माथेरानला हॉटेलात, महिन्यातून एकदा येणारा. सून बेबी खाली नव्या घरात राहायला गेली होती. सासऱ्याच्या समोर उभं राहून बोलायची त्यांच्यात रीत नाही, त्यामुळं ती फक्त भाकरी बांधून कुणाच्या तरी हाती वर पाठवायची.

मी वर गेले आणि त्याला रागावलेच. पाऊस तोंडावर आलाय, भेग रुंद झालीय, तुम्ही इथं काय करताय? तो म्हणाला, देवाला कुठं नेऊ? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या वसाहतीत देवाला जागाच नव्हती. इतक्या बैठका झाल्या, गुरांना जागा मागितली, आणि देवाचं कुणी बोललं नाही. मी खाली जाऊन एकेकाला विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. बाप्यांना, बायांना, सगळ्यांना. मग बोलला का नाहीत? त्यावर सगळ्यांनी माझ्याकडं, ही बाई इतकी वर्षं येते आणि हिला एवढंही ठाऊक नाही, अशा नजरेनं बघितलं. बैठक मागण्यांची होती. आणि देवासाठी मागत नाहीत.

प्रांतसाहेब चांगले होते. मी तोंडी कानावर घातलं तर ते म्हणाले, त्यात काय एवढं, वाडीचा अर्ज आणा, मोकळ्या जागेतून बसवून देतो. असा साहेब आयुष्यात क्वचित भेटतो. मी आनंदानं डोंगर चढले. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं, आणि या खेपेला समोरचा नाही म्हणणारही नव्हता. अर्जाची वाक्यं मी वाटेतच मनात जुळवली होती.

वाळकूबाबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, देवासाठी जागा मागत नाय गं. ज्याला द्याची त्यो आपनहून देतो. मागून आनलेल्या जागंवर देव पाव्हना व्हतो. आनि पाव्हना किती दिस ऱ्हाईल?"

मी वाद घातला. वादात मी दिल्लीतल्या मोठमोठ्यांना नमवलं आहे. म्हटलं, सरकार म्हणजे कुणी परकं नाही, तुमचंच आहे. म्हटलं, देवच बोलतोय समजा साहेबाच्या तोंडून. म्हटलं, तुम्ही डोंगराखाली सापडलात तर देवाला दिवा कोण लावणार? तो नुसता हसायचा आणि बिडी पेटवायचा. मग तुम्ही नका मागू, मी मागते, असंही म्हणून पाहिलं. तर म्हणाला, तू आमच्यासाठी मागतेस म्हंजे आमीच मागतो. माझ्या सगळ्या नोकरीचा पायाच तो होता.

मग मी रोजच वर जाऊ लागले. ऑफिसात तसंही काही राहिलं नव्हतं. टेबलं विकली होती, माझी खुर्ची तेवढी एकटी होती. माझं घरही तसंच. कर्जतला एका नव्या इमारतीत फ्लॅट आहे, शेजारचे मुंबईचे, शनिवार-रविवारी येणारे. सकाळी निघताना आज कुठं जायचं, हा प्रश्न पडू नये म्हणून मी डोंगर चढत होते, असंही म्हणता येईल. वाळकूबाबाला तसं सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं असावं. तो माझ्यासाठी काळा चहा करायचा. आम्ही जोत्यांच्या मधे बसायचो. हे कुणाचं घर, ते कुणाचं, इथं कोण जन्मलं, असं तो सांगत राहायचा. खाली हायवेवरून ट्रक जाताना दिसायचे, आवाज यायचा नाही.

एकदा त्यानं विचारलं, तुझ्या घरी कोण असतं? कुणी नाही, म्हटलं. लग्न? नाही केलं. आईबाप? गेले. ऑफिसातली माणसं? ती पांगली. तो माझ्या कपात उरलेला चहा ओतत म्हणाला, "मंग तुजी बी वाडी खाली गेली म्हनायची."

मी हसले, आणि उतरताना मात्र रडले. इतकं स्वच्छ माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

ढग रोज माथेरानवर साठू लागले. मुलगा दोनदा येऊन बापाशी भांडून गेला. पोलिस पाठवून उचलून आणू, असं तलाठी म्हणाले. मी म्हटलं, आणाल, पण संध्याकाळी दिव्याच्या वेळेला तो परत वर चढेल, आणि अंधारात पावसात चढेल. मला रात्रंदिवस ती भेग दिसायची. बोलायला कुणी नाही म्हणून खाली उतरले की मी बेबीच्या ओट्यावर बसून तिच्याजवळ रडगाणं गायचे, की बाई गं, तुझा सासरा हट्टी आहे, मागायचं नाही म्हणतो, न मागता कुणी दिलं तरच येईन म्हणतो, आजच्या जगात न मागता कोण देतं? बेबी भांडी घासत ऐकायची. ती मुळात कमी बोलणारी. तिचं सगळं लक्ष घरामागच्या जागेत असायचं. नव्या घरात सगळं एका खोलीत, चुलीचा धूर कोंडतो, म्हणून मागच्या बाजूला तिला पडवी घालायची होती. जुन्या घराचे चांगले वासे तिनं त्यासाठीच राखून ठेवले होते. पडवीत चूल कुठं, पाण्याचा हंडा कुठं, हे तिनं मला कितीदा काठीनं मातीवर काढून दाखवलं होतं. आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही हवं म्हटलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

एके दिवशी गेले तर वासे नव्हते. शेजाऱ्याला दिले, म्हणाली. मी मागं जाऊन पाहिलं. पडवीची सगळी जागा शेणानं सारवलेली होती, कडेनं दगड लावले होते, मधे उंबराची एक फांदी रोवली होती. मागच्या घरवाल्यानं आपलं तारेचं कुंपण काढून स्वतःच्या बाजूला आत घेतलं होतं, त्यामुळं रस्त्यापासून तिथपर्यंत जायला वाट झाली होती. मी विचारलं, बेबी, पडवी? ती म्हणाली, "आता जागा कुठं हाय, ताई?" आणि चुलीत फुंकर मारायला आत गेली. खोलीत धूर भरला होता.

मी तशीच डोंगर चढले. गुडघे बोलत होते, तरी चढले. वाळकूबाबाला एवढंच सांगितलं, की बेबीनं पडवी घातली नाही, जागा सारवून ठेवली आहे. त्यानं बिडी विझवली. मग माझ्याकडं रोखून बघत विचारलं, "तू मागितलीस तिच्याकडं?"

नाही, म्हटलं. रडले होते तिच्याजवळ, पण मागितलं नव्हतं. मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं मी मागत आले ती खुर्चीत बसलेल्यांकडं. ढाब्यावर भाकऱ्या भाजणाऱ्या बाईकडं द्यायला काही असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. देवाचा कौल घ्यायला त्यानं देवापुढं तांदळाचे दाणे ठेवले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, दाणे बघितले. मग उठून धोतराला डोळे पुसले आणि म्हणाला, उद्या सगळ्यांना वर बोलव.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी वर आली. माथेरानची कामं टाकून बाप्ये आले, बाळाला पाठीशी बांधून बाया आल्या. आभाळ खाली आलं होतं, पण पाऊस थांबून होता. मी फार खुशीत होते. खाली चौकच्या इक्बालभाईंचा टेंपो सांगून ठेवला होता. देवाचं काम म्हणून ते भाडं घ्यायला तयार नव्हते. चढताना लोकांना पाणी दे, म्हाताऱ्यांना हात दे, असं मी घरच्या कार्यात करावं तसं करत होते. नोकरीतला माझा तो शेवटचा आठवडा होता आणि निरोप असाच व्हावा असं वाटत होतं.

वाळकूबाबानं झऱ्यावर आंघोळ केली. देवाला नारळ फोडला, शेवटचा दिवा लावला, आणि दगड एकेक करून पाटीत घेतले. पाटीवर नवं कोरं फडकं घालायला तो वाकला, तेवढ्यात मी मदतीला पुढं झाले. त्यानं हात वर करून मला थांबवलं. आवाजात राग अजिबात नव्हता. उलट माझ्याशी इतक्या मायेनं तो त्याआधी कधी बोलला नव्हता.

"बाय, तू जरा बाजूला व्हय. पाठ कर. देव चालतो तवा परक्यानं बगायचं नसतं."

मी बाजूला झाले. वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळीकडं तोंड करून उभी राहिले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, हे लिहायला मला लाज नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं, रीत ती रीत. पण त्या शब्दासाठी माझी तयारी नव्हती. मागून अनवाणी पावलं जाऊ लागली. कुणी बोलत नव्हतं, बाळंसुद्धा गप्प होती. चालता चालता कुणाचा तरी पदर माझ्या हाताला लागून गेला. कुणाचा, ते मला वळून पाहता आलं नाही. मग पावलं खाली खाली जात ऐकू येईनाशी झाली.

कधी वळायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लवकर वळले आणि देव अजून वाटेवर असला तर त्यांची सगळी मेहनत फुकट जायची, म्हणून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. वारा सुटला, जाळीतली पाखरंही गेली. शेवटी वळले तेव्हा वाट मोकळी होती, उंबराखालचा दिवा विझला होता, आणि वाडीत मी एकटी होते.